ओंग आंटी नावं ठेवत नाहीत

“एवढंच म्हणाली?” चान आंटींनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “आजारीबिजारी पडलीय का ती?”

मी त्यांच्या दारात रिकामं ताट घेऊन उभी होते. समोरच्या दारातल्या ओंग आंटींचा निरोप आणला होता: मीठ किंचित कमी, बाकी सगळं झकास. प्रत्यक्षात ओंग आंटी म्हणाल्या होत्या की असला चांग मांजरापुढं ठेवला तर मांजर घर सोडून जाईल.

“आणखी काहीतरी म्हणाली असणार. आह सान, तू मधल्यामध्ये सगळं गिळतेस. खरं सांग.”

“मांजराबद्दल काहीतरी म्हणत होत्या,” मी चाचरत म्हटलं.

“काय करेल म्हणाली मांजर?”

“घर सोडून जाईल.”

चान आंटींचा चेहरा उजळला. “हां! मग ठणठणीत आहे ती,” त्या म्हणाल्या आणि आतून दुसरं ताट घेऊन आल्या. “आता तिचा चांग खाऊन मी काय म्हणते ते ऐक, आणि जसंच्या तसं जाऊन सांग. साखर पेरू नकोस.”

हा निरोप्याचा उद्योग मी चार वर्षं केला. मलेशियातल्या पेनांग बेटावर गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कराडहून थेट तिथल्या एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जाऊन पडलो. व्हरांड्याच्या टोकाला तीन दारं होती. एका बाजूला ओंग, समोर चान आणि मधोमध आम्ही. दोन तोफांच्या मध्ये तंबू ठोकावा तसे. माझं वासंती हे नाव दोघींच्या जिभेवर ‘आह सान’ एवढंच उरलं. आमची बोलण्याची भाषा म्हणजे थोडी बाजारातली मलय, थोडं मोडकं इंग्रजी आणि उरलेले हातवारे. पण नावं ठेवायला एवढी भाषा पुरते हे मला ओंग आंटींनी शिकवलं.

त्यांनी पहिल्यांदा नावं ठेवली ती माझ्या भांड्यांना. आम्हाला जाऊन दोन महिने झाले नव्हते तेवढ्यात मला डेंग्यू झाला. गिरीश कारखान्यात. मी तापात पडलेली. ही साठीची बुटकी बाई न विचारता घरात शिरली, माझ्या पातेल्यात तांदळाची पेज शिजवली आणि मला चमच्यानं भरवताना म्हणाली, “असल्या काळ्या बुडाच्या भांड्यात जेवल्यावर माणसाला ताप येणार नाही तर काय होईल?” मी बरी होईपर्यंत त्या रोज आल्या. रोज भांडी घासली आणि रोज बोलल्या. परक्या मुलखात मला आई भेटली होती, फक्त तोंडानं जरा फाटकी. माझा त्यांच्यावर जीव जडला तो तेव्हापासून.

आणि चांग म्हणजे काय, तेही सांगायला हवं. चिकट जातीचा तांदूळ भिजवायचा, बांबूच्या पानांचा द्रोण करून त्यात भरायचा, मधे सारण घालायचं, पानं दुमडून दोऱ्यानं आवळायचं आणि मोठ्या डब्यात तासन् तास उकळायचं. पान उलगडलं की आत शिंगाड्यासारखा टोकेरी, पानाच्या वासाचा भात. त्यांच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला, म्हणजे साधारण आपल्या ज्येष्ठात, हे घरोघरी होतात. जुन्या काळी एका सज्जन माणसानं नदीत जीव दिला, मासे त्याला शिवू नयेत म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला, त्याची ही आठवण. चांग एकेकटे करत नाहीत. वीस-पंचवीस दोऱ्यांची वरची टोकं एकत्र बांधून घोस करतात आणि बाल्कनीत टांगतात. सणाच्या आठवड्यात आमची इमारत खालून बघितली तर मजल्यामजल्यावर घोस लोंबताना दिसायचे.

पण सगळी चिनी माणसं एकच चांग खातात असं समजणं म्हणजे सगळी मराठी घरं एकच आमटी करतात असं समजणं. ओंग आंटी हॉक्कियन बोलणाऱ्या चिन्यांतल्या. त्या तांदूळ आधी सोयाच्या रसात परतायच्या, त्यामुळं त्यांचा चांग काळपट तपकिरी, आत मसाल्यातलं डुकराचं मांस, चेस्टनट, सुकी अळिंबी. चान आंटी कँटनच्या. त्यांचा भात पांढरा, चांग लांबट उशीसारखा आणि आत मांसाच्या जोडीला सालं काढलेली मूगडाळ आणि खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक. दोघी इमारतीत एकाच वर्षी राहायला आल्या. पहिल्याच सणाला शेजारधर्म म्हणून त्यांनी घोस बदलले. ओंग आंटी म्हणाल्या, “मूगडाळ? हे तर पथ्याचं जेवण.” चान आंटी म्हणाल्या, “काळा का? लागला का बुडाला?” झालं. तेव्हापासून एकमेकींशी बोलणं बंद, पण घोस बदलणं मात्र एका वर्षी चुकलं नाही. न बोलता भांडायला मधे कुणीतरी लागतं. आधी एक म्हातारा पोस्टमन होता म्हणे. तो बदलून गेला आणि मी आले.

माझी गंमत अशी की मी पडले माळकरी घरातली. मांसमच्छी वर्ज्य. त्यामुळं दोघींनी मला परीक्षक करायचं ठरवलं तेव्हा दोघींपुढं पेच पडला. मग दोघीही माझ्यासाठी वेगळे, निव्वळ अळिंबी आणि चेस्टनटचे चार-चार चांग बांधायला लागल्या. वर कसला तरी खार घालून केलेले पिवळे, बिनसारणाचे चांगही द्यायच्या. पापडखारासारखाच वास. ते गार करून नारळाच्या गुळाच्या पाकात बुडवून खायचे. मला तेच सगळ्यात आवडायचे, पण ही गोष्ट मी दोघींपासूनही लपवली होती, कारण गोड चांगाला दोघीही चांग मानत नव्हत्या.

ओंग अंकल मात्र सगळेच मानायचे. अंकल जन्मभर बोटीवर आचारी होते. हाडकुळे, पांढऱ्या मिशांचे, हसरे. ते व्हरांड्यात स्टूल टाकून मला सांगायचे, “वर उत्तरेला जा, तिकडे चांगात मांसच नाही. लाल खजूर घालतात आणि साखरेत बुडवून खातात. शांघायकडे लांब आणि सडपातळ बांधतात. इथल्या आमच्या न्योन्या, म्हणजे मलय रीत उचललेल्या चिनी घरांतल्या बायका, घालतात धणे आणि कोहळ्याचा पेठा, आणि एक टोक गोकर्णाच्या फुलांनी निळं करतात. सगळे छान.”

“आणि सगळ्यात छान कुठला?” मी मुद्दाम विचारायची.

अंकल डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे. “मी जहाजावर होतो,” ते म्हणायचे, “वारा कुठून येतो ते बघूनच तोंड उघडतो.”

सणाच्या दिवसांत ते दुपारी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि बाराव्या मजल्याच्या जिन्यात बसून चान आंटींचे चांग खायचे. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर चालले की मला तोंडावर बोट ठेवून खूण करायचे. आंटींना याचा पत्ता नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

पाचव्या वर्षी चिनी नवं वर्ष होऊन महिना झाला असेल, अंकल सकाळी पेपर वाचता वाचता गेले. पेपर हातात तसाच. ओंग आंटी चहा घेऊन आल्या आणि “ऐकू येत नाही का?” म्हणून त्यांच्यावर ओरडल्या. ते त्यांचं शेवटचं ओरडणं.

इमारतीच्या तळमजल्यावर मांडव घातला होता. चान आंटी रोज येऊन कोपऱ्यात बसायच्या आणि गेलेल्याला पोचाव्यात म्हणून जाळतात त्या सोनेरी कागदाच्या मोहरा दुमडायच्या. पूर्वी त्या शिवणकाम करत. विधवा, मुलगी सिंगापूरला, हातांना कामाशिवाय करमत नसे. त्यांच्या मोहरांचा ढीग सगळ्यांत नेटका. पण ओंग आंटींशी एक शब्द नाही, आणि ओंग आंटींनीही मान वर करून पाहिलं नाही. ऑस्ट्रेलियातला मुलगा आला, चल म्हणाला, त्या नाही म्हणाल्या. तो परत गेला आणि मला जाताना म्हणाला, “अक्का, जरा लक्ष ठेव. आई जेवत नाही.”

जेवत नव्हत्या हे तर होतंच. पण मला दुसऱ्याच गोष्टीनं धडकी भरली. मी त्यांच्याकडे उपमा घेऊन गेले. पूर्वी याच उपम्याला त्या ‘भिंतीला लावायचा चुना’ म्हणाल्या होत्या. आता एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, “छान झालाय.” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ न घालता खिचडी केली. “छान आहे,” त्या म्हणाल्या आणि वाटी बाजूला सारली. लिफ्ट बंद पडली, छान. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी दारावर चेंडू मारला, असू दे, मुलंच ती. मी घरी येऊन गिरीशला म्हटलं, “आंटी काही जगत नाहीत आता.”

“असं का म्हणतेस? उलट किती गोड बोलतात हल्ली.”

“तेच तर,” मी म्हटलं आणि मला रडू आलं.

बघता बघता सण आला. बाजारात बांबूच्या पानांचे गठ्ठे दिसायला लागले. मी ओंग आंटींकडे जाऊन म्हटलं, “आंटी, पानं आणू का? मी पुसून देते, तुम्ही बांधा. कामात जीव रमेल.”

“या वर्षी आमच्याकडे बांधायचे नसतात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “घरात माणूस गेलं की वर्षभर चांग नाही. दुसऱ्यांनी आणून द्यायचे.”

मला एकदम कराडचं आमचं घर दिसलं. वडील गेले त्या वर्षी दिवाळीत आमच्या चुलीवर कढई चढली नव्हती, आणि आळीतली एकेक बाई पदराखाली डबा झाकून येत होती. कुणाच्या चकल्या, कुणाचा चिवडा. आईनं कुणाचं काय हे न बघता सगळ्यातलं चिमूटभर तोंडात टाकलं होतं. हजारो कोसांवर, समुद्रापलीकडे, तीच रीत. मला वाटलं, आता सगळे आणून देतील, आंटी खातील, बरं वाटेल.

लोकांनी आणलेही. आठव्या मजल्यावरून आले, खालच्या किराणावाल्याच्या घरून आले, निळ्या टोकाचे न्योन्याही आले. ओंग आंटींनी प्रत्येकाला दारात हात जोडून “छान आहेत” म्हटलं आणि घोस बाल्कनीतल्या बांबूला टांगले. तिसऱ्या दिवशी मी मोजले नाहीत, पण दिसत होतं, एकही सुटला नव्हता. मीही दोन दिवस खपून पिवळे चांग बांधले होते. ते बांधले होते म्हणणं धाडसाचं आहे, माझ्या पानांतून तांदूळ जिकडे तिकडे डोकावत होता. आंटींनी माझ्यासमोर एक उलगडला, एक घास घेतला. मी वाट बघत होते. काय काय म्हणता आलं असतं! ‘हा चांग की पोटीस?’ ‘पान कशाला, चमच्यानंच वाढायचं.’ माझ्याच डोक्यात दहा टोमणे तयार होते.

“छान बांधलास, आह सान,” आंटी म्हणाल्या. “किती त्रास घेतलास.”

त्यांच्या मनगटावरची जेडची बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. पूर्वी ती निघत नसे म्हणून त्या कुरकुरायच्या.

सगळ्यांचे घोस आले होते. समोरच्या दारातून मात्र काही आलं नव्हतं. मी रागानंच चान आंटींचं दार वाजवलं. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. भोवती धुतलेली पानं, भिजवलेली मूगडाळ, तांदूळ, दोऱ्यांचा गुंडा. सगळं मांडून ठेवलेलं आणि एकही बांधलेला नाही.

“आंटी, तुम्ही अजून दिले नाहीत त्यांना.”

“नाही.”

“बावीस वर्षं दिलेत. भांडण असूनसुद्धा दिलेत. आणि आज, जेव्हा द्यायलाच हवेत…”

“ती काय म्हणतेय सगळ्यांना?” त्यांनी मधेच विचारलं.

मी दोऱ्यांचा गुंडा उचलून बाजूला ठेवला.

“मला ऐकू येतं, मधे एवढासा व्हरांडा तर आहे. छान म्हणतेय. त्या किराणावालीच्या चांगाला छान म्हणाली! त्या बाईला तांदूळ भिजवायचासुद्धा कळत नाही.” चान आंटींनी पदरासारखा बांधलेला पंचा सोडून तोंड पुसलं. “मी दिला आणि ती मलाही छान म्हणाली, तर मी काय करू? सांग ना. मग मला कळेल की ती पण गेली त्याच्याबरोबर.”

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मला वाटलं होतं ही बाई हट्टानं बसलीय, आणि ही तर माझ्याइतकीच घाबरलेली.

“तुमच्या चांगात त्यांना खोट कधी सापडली का हो?” मी विचारलं. उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून.

“माझ्या मुगाला बोलते. अंड्याला बोलते. पण ते काय, ते आम्ही कँटनचे असंच करतो, ती खोट नव्हे.” त्यांनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला. “बांधणीला तिला कधी बोलता आलं नाही. सैल बांधलं तर पाणी शिरतं, फार आवळलं तर भाताला फुगायला जागा राहत नाही. माझी गाठ कधी चुकली नाही. दरवर्षी ती उलटसुलट करून बघते आणि चिडते. मला माहीत आहे, ती बघते.” मग एकदम म्हणाल्या, “तू जा घरी. मला काम आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात छोटासा घोस, अंगावर ठेवणीतला निळा झंपर. “चल,” त्या म्हणाल्या. “बेल तू वाजव.” व्हरांडा ओलांडून त्या दाराशी त्या बावीस वर्षांत कधी गेल्या नव्हत्या. माझ्या मागं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

ओंग आंटींनी दार उघडलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चान आंटींनी घोस पुढं केला.

“या,” ओंग आंटी म्हणाल्या. परक्याला म्हणावं तसं. “छान आहेत.”

चान आंटींचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या हलल्या नाहीत. “खाऊन बघ,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “न खाता काय छान?”

आम्ही टेबलापाशी गेलो. अंकलच्या फोटोपुढं उदबत्ती जळत होती. ओंग आंटींनी रीत म्हणून एक चांग ताटलीत घेतला, दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. दोरा ओढायचीही गरज नव्हती. तो आपसूक निसटला. पान उघडलं आणि एका कोपऱ्यातून पाणी गळलं. भाताची कडा फुटून पांढरा चिखल झाला होता, मूगडाळ सारणातून बाहेर येऊन पानाला चिकटली होती.

मी डोळे मिटून घेतले. आता ‘छान’ म्हणणार, मला वाटलं, आणि चान आंटी इथंच कोसळणार.

काही ऐकू आलं नाही. मी डोळे उघडले तर ओंग आंटी तो दोरा दोन बोटांत धरून उजेडात बघत होत्या. उलटा करून बघितला. सुलटा करून बघितला. मग त्यांच्या कपाळावर ती आठी आली. मी तीन महिन्यांत पाहिली नव्हती ती आठी.

“ही काय गाठ आहे?” त्या म्हणाल्या.

चान आंटी मान खाली घालून उभ्या.

“तुला विचारतेय! ही गाठ आहे? पोरं बुटाची नाडी याच्याहून बरी बांधतात. पाणी आत, मूग बाहेर. याला चांग म्हणायचं की पेज? इतकी वर्षं मी तुझ्या मुगाला बोलले, अंड्याला बोलले, पण म्हटलं बाईचा हात बांधणीला पक्का आहे. आणि आज? आज त्याच्या वर्षाच्या सणाला तू हे आणतेस? दारात लाज नाही वाटली?” बोलता बोलता त्यांनी चमचा उचलला होता. “हा घे, हा कोपरा बघ! कच्चा! आणि हा, गळून गेलाय!” त्या प्रत्येक कोपरा आम्हाला दाखवत होत्या आणि दाखवून झाला की तोंडात टाकत होत्या. “हे खायला तो जिन्यात जाऊन बसायचा! मला काय माहीत नव्हतं? मिशीला मूग लावून घरी यायचा आणि म्हणायचा, फिरायला गेलो होतो. फिरायला! बाराव्या मजल्यावर काय बाग आहे?”

“दोन मागून न्यायचा,” चान आंटी हळूच म्हणाल्या.

ओंग आंटींचा चमचा हवेत थांबला. “दोन?”

“दरवर्षी. दोन.”

“मला वाटत होतं एक.” ओंग आंटींनी फोटोकडे पाहिलं. “दोन खाऊन वर माझ्या हातचे तीन जेवायचा. काय माणूस होता!” आणि मग तो इतक्या दिवसांचा बांध फुटला. ताटलीवर वाकून त्या मोठमोठ्यानं रडल्या, रडता रडता हसल्या, हसता हसता पुन्हा त्या गाठीला शिव्या घातल्या. चान आंटी तशाच उभ्या होत्या. बोल, आणखी बोल, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. पानाला चिकटलेली शेवटची मूगडाळसुद्धा ओंग आंटींनी चमच्यानं खरवडून खाल्ली.

“जा आता,” त्या शेवटी म्हणाल्या. “तोंड नको दाखवूस.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर चान आंटी भिंतीला टेकल्या. मी म्हटलं, “आंटी, असं कसं झालं हो? तुमची गाठ!”

त्यांनी आपली बोटं माझ्यापुढं धरली. “ऐकतच नव्हती गं ही. सैल ठेवायला गेले की आपोआप ओढून घ्यायची. बांधला की घट्टच. सोडून परत बांधला, परत घट्ट. कितीतरी नीटच झाले. शेवटी डोळे मिटून डाव्या हातानं बांधला.”

“मुद्दाम?”

“मग? तिला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय?”

मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात धरून नुसती उभी राहिले. मग आठवलं की माझ्या पिवळ्या चांगांचं ताट आत राहिलंय, म्हणून परत गेले.

ओंग आंटी टेबलाशीच होत्या. तो ओला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला होता.

“डाव्या हाताची गाठ आहे ही,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी ताट उचलून दाराकडे वळले.

“बोल की. मुद्दाम केलं ना तिनं?”

मी मान हलवली.

“आणि जे नीट बांधले गेले, ते कुठं आहेत?”

“त्यांच्याकडेच असतील.”

ओंग आंटी टेबलाचा आधार घेऊन उठल्या. फळीवरून एक ताटली काढली, थोडं थांबून दुसरी काढली, फडक्यानं दोन्ही पुसल्या आणि समोरासमोर मांडल्या.

“जा, घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “आणि तिलाही आण. म्हणावं, नीट बसून खाऊ. एकटीला घास उतरत नाही मला.”

मी दार उघडलं. चान आंटी दाराला कान लावूनच उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या अनवाणी पायांनी आपल्या घराकडे पळत सुटल्या होत्या.